रिमोट शिकवून ठेवा, जुना चालतोय तोवर

टीव्हीचा मूळ रिमोट चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटनेच टीव्ही बंद-चालू करता येतो, त्याचा आवाज कमी-जास्त करता येतो, हे कितीतरी घरांत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. लक्षात येतं ते टीव्हीचा रिमोट फरशीवर आपटून फुटल्यावर, नाहीतर आतले सेल गळून पत्र्याच्या पट्ट्या गंजल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीएच रिमोटांना टीव्हीचे संकेत आधीपासून येत नसतात, ते टीव्हीच्या रिमोटकडूनच शिकून घ्यावे लागतात. शिकवणाराच गेला तर आडवाटेनं जावं लागतं. त्या आडवाटाही पुढे सांगणार आहे, पण मूळ रिमोट हाताशी असताना हे काम जेमतेम दहा मिनिटांचं आहे.

केबलची वायर थेट टीव्हीच्या पाठीत खोचलेली असायची तेव्हा घरात रिमोट एकच होता. छपरांवर छत्र्या आल्या आणि त्यांच्याबरोबर दुसरा रिमोट आला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. २००६ मध्ये टाटा स्काय आलं, ज्याला आता टाटा प्ले म्हणतात. ज्यांनी केबलच ठेवली त्यांच्याकडेही डबा आलाच. जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद करण्यासाठी मुंबईला ऑक्टोबर २०१२ अखेरची आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांना मार्च २०१३ अखेरची मुदत ठरली होती, आणि केबलवाल्यांनी घरोघर सेट टॉप बॉक्स बसवले. म्हणजे एकच गोष्ट बघायला दोन यंत्रं आणि दोन रिमोट, ही गत आता सगळ्यांचीच आहे.

याचा जाच सर्वांत जास्त होतो तो म्हाताऱ्या माणसांना. गावाकडून आईचा फोन येतो, "चित्र गेलंय रे." इकडून मुलगा सांगतो, "लाल बटण दाब." "कुठलं लाल? दोन आहेत." ती दोन्ही दाबते. त्यात बॉक्स चालू होतो आणि टीव्ही बंद पडतो, पुन्हा दाबलं की उलटं होतं. शेवटी शेजारच्या पोराला हाक मारावी लागते आणि तोवर मालिका संपलेली असते. ज्या घरात साठी ओलांडलेलं माणूस दिवसभर एकटं असतं, तिथे तर हे काम आजच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हातातला डीटीएचचा रिमोट नीट बघा. वरच्या अंगाला किंवा अगदी खालच्या टोकाला चार-पाच बटणं बाकीच्यांपासून वेगळी काढलेली दिसतील. कधी त्यांच्याभोवती चौकट असते, कधी रंग वेगळा असतो, आणि बाजूला बारीक अक्षरांत 'टीव्ही' असं छापलेलं असतं. पॉवर, आवाज वर, आवाज खाली, म्यूट आणि सोर्स किंवा एव्ही, अशी ही बटणं असतात. कारखान्यातून येताना ती कोरी असतात. म्हणून नव्या रिमोटवर ती दाबून काहीच होत नाही आणि लोकांना वाटतं, ही बटणं शोभेची आहेत किंवा बिघडलेली आहेत. फ्री डिशच्या डब्यांबरोबर येणाऱ्या स्वस्तातल्या कित्येक रिमोटांवरही अशी कोरी बटणं असतात. तुमच्या रिमोटवर असा भाग नसेलच, तर त्याच बॉक्सला चालणारा दुसरा रिमोट दुकानातून घेताना "लर्निंग आहे का?" एवढं विचारा. दुकानदाराला बरोबर कळतं.

हे शिकणं म्हणजे नेमकं काय, ते समजलं की पुढची पथ्यं आपोआप पटतात. रिमोटच्या तोंडाशी एक बारीक दिवा असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फेकतो. आपल्या डोळ्यांना ७०० नॅनोमीटरच्या पुढचं जवळपास काही दिसत नाही, म्हणून तो आपल्याला विझलेलाच वाटतो. खोलीतल्या इतर उजेडातून हा प्रकाश वेगळा ओळखू यावा म्हणून तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि या लुकलुकण्याच्या लांब-आखूड खंडांतून बटणाचा संकेत जातो. सर्वांत जास्त चालणाऱ्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा सलग झोत जातो, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिटांचा निरोप. कोणतं यंत्र आणि कोणतं बटण, हे त्यात असतं. मूळ पद्धतीत दोन्ही गोष्टी एकदा सरळ आणि एकदा उलट्या करून पाठवतात, म्हणजे टीव्हीला पडताळा घेता येतो.

शिकणाऱ्या रिमोटला यातलं काही समजत नाही. किती वेळ प्रकाश होता, किती वेळ नव्हता, एवढं तो टिपून ठेवतो आणि पुढे बटण दाबलं की पोपटासारखं तसंच्या तसं म्हणून दाखवतो. अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी १९८७ मध्ये असाच एक रिमोट बाजारात आणला होता. अर्थ न समजता नक्कल करणं, हाच या पद्धतीचा मोठा गुण आहे. टीव्ही नावाजलेल्या कंपनीचा असो की जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेला बिननावाचा असो, शिकणाऱ्या रिमोटला फरक पडत नाही. पण नक्कल उतरवताना मध्ये दुसरा उजेड घुसला किंवा झोत अर्धवट आला, तर चूकही तशीच नोंदली जाते. बरेच लोक दोनदा करून बघतात, जमलं नाही की "आपल्या रिमोटमध्ये ही सोय नाही" म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा दोष तयारीचा असतो.

तयारीत पहिला मान सेलचा. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला, आणि एक जुना एक नवा अशी जोडी करू नका. सेल उतरलेले असले तरी रिमोट बॉक्सचे चॅनल बदलत राहतो, पण शिकताना मध्येच दम तोडतो. मग टीव्हीचा रिमोट प्रकाश फेकतोय का, ते बघा. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला पाहिजे. बऱ्याच मोबाइलांच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरा. ठिपका मंद दिसला तर रिमोटच्या तोंडावरचा तेलकट थर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतल्या रिमोटवर तो हमखास असतो.

जागा निवडतानाही थोडं बघा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तिथे बसू नका. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर ती तेवढ्यापुरती बंद करा, कारण इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबचा उजेडही अतिशय वेगानं थरथरतो आणि तो नकलेत मिसळतो. टीव्ही आणि बॉक्सचीही बटणं बंद ठेवा, म्हणजे शिकवताना टीव्ही मध्येच चालू-बंद होत राहणार नाही.

आता दोन्ही रिमोट जेवणाच्या टेबलावर किंवा फरशीवर आडवे ठेवा, तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर सोडून. खाली वाकून दोघांचे दिवे एका पातळीत आहेत का ते बघा. टीव्हीचा रिमोट बहुतेकदा सडपातळ असतो आणि डीटीएचचा जाड, त्यामुळे एकाचा झोत दुसऱ्याच्या हनुवटीखालून निघून जातो. सडपातळ रिमोटखाली वर्तमानपत्राची एक घडी सरकवली की पातळी जुळते. तरीही तो शिकत नसेल तर डीटीएचचा रिमोट थोडा डावी-उजवीकडे सरकवून बघा. शिकणारा डोळा काही रिमोटांत दिव्याच्या अगदी शेजारी असतो, काहींत एका कडेला.

शिकण्याच्या अवस्थेत जायची कळ कंपनीगणिक वेगळी आहे, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या रिमोटांतही वेगळी असते. कुठे 'सेट' असं बटण असतं, कुठे टीव्हीचं पॉवर बटण दाबून धरायचं, कुठे दोन बटणं एकत्र. बॉक्सच्या खोक्यातली पुस्तिका काढा. ती हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मदत क्रमांकावर आपल्या रिमोटचं वर्णन देऊन विचारा. पुढचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. ती कळ काही सेकंद दाबून धरली की रिमोटवरचा बारीक दिवा पेटतो आणि पेटलेलाच राहतो. मग डीटीएच रिमोटवरचं जे बटण शिकवायचं आहे ते एकदा दाबून सोडायचं. दिवा लुकलुकून किंवा मंद होऊन सांगतो, की मी ऐकतोय. लगेच टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबायचं. दिव्याची दोन-तीनदा उघडझाप झाली की ते बटण पक्कं झालं. मध्ये फार वेळ घालवलात तर रिमोट कंटाळून बाहेर पडतो आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं, म्हणून कोणतं बटण कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच. एनईसी पद्धतीत बटण दाबून धरलं की पूर्ण निरोप पहिल्यांदाच जातो. त्यानंतर दर ११० मिलिसेकंदांनी फक्त 'तेच, तेच' अशी छोटी खूण जात राहते, आणि त्या खुणेत बटणाचं नाव नसतं. शिकणाऱ्या रिमोटनं नेमकी ती खूण टिपली, तर दिवा उघडझाप करून 'शिकलो' म्हणतो आणि टीव्ही मात्र ढिम्म हलत नाही.

पाचही बटणं एका दमात शिकवू नका. आधी एकटं पॉवर शिकवा, शिकण्याच्या अवस्थेतून बाहेर या आणि टीव्हीसमोर उभं राहून दाबून बघा. टीव्ही पेटला की अंतर, पातळी, उजेड सगळं जमलंय हे कळतं. मग रिमोट न हलवता उरलेली चार बटणं एकापाठोपाठ करून टाका.

आता आवाजाविषयी. बॉक्सला त्याचा स्वतःचा आवाज असतो आणि टीव्हीला त्याचा. शिकवल्यावर एकाच रिमोटवर आवाजाच्या दोन जोड्या होतात आणि घरातली माणसं कधी ही, कधी ती दाबतात. बॉक्सचा आवाज तळाला आणि टीव्हीचा टोकाला गेला की बोलणं खोल गेल्यासारखं वाटतं आणि मागे खरखर येते. बॉक्सचा आवाज एकदाच पूर्ण वर नेऊन ठेवा, आणि इथून पुढे फक्त टीव्हीची जोडी वापरायची असं घरात सांगून टाका.

सोर्सच्या बटणाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते ते पॉवरइतकंच मोलाचं आहे. टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, शिवाय तीन रंगांच्या पिनांची एव्हीची जागा असते. बॉक्स त्यांतल्या एकाला जोडलेला असतो. वीज जाऊन आली, किंवा नातवानं गेमची वायर लावून काढली, की टीव्ही भलत्याच जागेवर जाऊन बसतो आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. त्यावर लोक छत्री हलवतात, रिचार्ज संपला का ते बघतात, तक्रार नोंदवतात. खरं तर सोर्स दाबून 'एचडीएमआय १' किंवा जी जागा असेल ती निवडली की चित्र येतं. काही टीव्हींमध्ये सोर्स दाबल्यावर यादी उघडते आणि त्यातून निवडायला बाणांची व ओकेची बटणं लागतात, जी डीटीएच रिमोटच्या टीव्ही भागात नसतात. बऱ्याच टीव्हींत मात्र सोर्स पुन्हा पुन्हा दाबलं की एकेक जागा पुढे सरकते आणि थांबलं की आपोआप निवडली जाते. तुमचा टीव्ही कसा वागतो ते आत्ताच बघून ठेवा. मग फोनवरून "सोर्स तीनदा दाब आणि थांब" एवढंच सांगावं लागतं.

कधी सगळं नीट शिकवूनही एक विचित्र खोड दिसते. पॉवर दाबलं की टीव्ही पेटतो, पण पुन्हा तेच दाबलं की बंद होत नाही. फिलिप्सनं काढलेल्या आरसी-५ या पद्धतीवर चालणाऱ्या टीव्हींत असं होतं. त्यात प्रत्येक नव्या दाबासरशी निरोपातला एक बिट पालटतो, म्हणजे बटण नव्यानं दाबलंय की धरून ठेवलंय हे टीव्हीला कळतं. शिकलेल्या रिमोटनं एकच नोंद टिपलेली असल्यामुळे तो बिट दर वेळी तोच जातो आणि टीव्हीला वाटतं, बटण अजून सोडलेलंच नाही. मध्ये टीव्हीच्या मूळ रिमोटचं कोणतंही एक बटण दाबलं तर हा अडसर सुटतो. शिकवतानाच आवाजाची दोन्ही बटणं लागोपाठच्या दाबांनी, म्हणजे मूळ रिमोटवर मध्ये दुसरं कोणतंही बटण न दाबता शिकवली, तर शिकलेल्या दोन बटणांचा बिट वेगवेगळा पडतो आणि ती एकमेकांना मोकळं करतात.

स्मार्ट टीव्हीचा रिमोट ब्लूटूथचा असेल तर शिकवणं जमत नाही, कारण तो प्रकाश फेकतच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याची परीक्षा इथे पुन्हा कामी येते. एकेक बटण दाबून बघा. अशा अनेक रिमोटांत पॉवरचं बटण तेवढं प्रकाशावर चालतं, बाकीची ब्लूटूथवर. जे बटण लुकलुकेल तेवढंच शिकवता येईल. अशा घरात उलटा मार्ग बरा पडतो. एलजीच्या मॅजिक रिमोटसारखे काही रिमोट टीव्हीच्या सेटिंगमधून आपला डीटीएच निवडला की बॉक्सचे चॅनलही बदलतात. मग टीव्हीचाच रिमोट हातात ठेवायचा आणि बॉक्सचा कपाटात. टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआयनं जोडलेले असतील तर त्या केबलच्या १३ क्रमांकाच्या पिनमधून जाणारी सीईसी नावाची सोयही बघा. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बॉक्सकडेही ती असली तरच उपयोग होतो, आणि मग एक यंत्र बंद केलं की दुसरं आपोआप बंद होतं.

मूळ रिमोट आधीच गेला असेल तर पहिला उपाय शेजारी. एकाच कंपनीच्या टीव्हींचे पॉवर, आवाज, म्यूटचे संकेत बहुधा सारखे असतात. वाड्यात किंवा सोसायटीत त्याच कंपनीचा टीव्ही असलेल्या काकूंकडून रिमोट दहा मिनिटांसाठी मागून आणा, आपला टीव्ही त्यानं चालतो का बघा, आणि चालला तर त्याच्याकडूनच शिकवून घ्या. दुसरा उपाय मोबाइलचा. शाओमी, रेडमी, पोको यांच्या अनेक फोनांच्या वरच्या कडेला प्रकाश फेकणारा काळा ठिपका असतो. त्यांच्या मी रिमोट अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडा, टीव्ही चालू-बंद होतोय याची खात्री करा, आणि मग फोनची ती कड डीटीएच रिमोटच्या तोंडासमोर धरून शिकवा. फोन कुणाचाही चालतो, काम एकदाच असतं. हेही नसेल तर दुकान. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली यासाठी प्रसिद्ध आहेतच, पण तालुक्याच्या गावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेही जुळणारे रिमोट टांगलेले असतात. जाताना टीव्हीच्या पाठीवरच्या मॉडेलच्या चिकटपट्टीचा आणि जुन्या रिमोटचा फोटो घेऊन जा.

शिकवून झालं की रिमोटवर खुणा करा. टीव्हीच्या पॉवर बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या, सोर्सशेजारी दुसऱ्या रंगाचा. बटणावरच लावला तर महिन्याभरात घासून जातो, म्हणून शेजारच्या प्लॅस्टिकवर लावा. आईला किंवा आजोबांना शेजारी बसवून तीन गोष्टी स्वतःच्या हातानं करू द्या: टीव्ही लावणं, आवाज कमी करणं आणि चित्र गेलं तर सोर्सवरून परत आणणं. नवी छत्री बसवून घेत असाल तर बसवणाऱ्या मुलाकडूनच निघण्याआधी हे करून घ्या. त्याच्या हाताला सवय असते आणि कोणती कळ दाबायची ते त्याला पुस्तिका न बघता ठाऊक असतं.

टीव्हीचा मूळ रिमोट टाकून देऊ नका. चित्राचा रंग, चॅनल शोधणं, वाय-फाय, हे सगळं टीव्हीच्या मेनूत असतं आणि तिथे पाच बटणांनी भागत नाही. त्यातले सेल मात्र काढून ठेवा, नाहीतर पडल्या पडल्या गळतील, आणि रिमोट एका पिशवीत बांधून टीव्हीच्या वॉरंटी कार्डाजवळ ठेवा. बॉक्सच्या रिमोटचे सेल बदलल्यावर आजकालच्या बहुतेक रिमोटांतलं शिकलेलं पुसलं जात नाही. काही जुन्यांत जातं, तेव्हा हा मूळ रिमोट पुन्हा लागेल. टीव्ही बदललात तर जुनी नोंद आधी पुसायची खटपट करू नका. त्याच बटणांना नव्या रिमोटकडून शिकवलं की जुनीवर नवी नोंद चढते.